पाच गाठींची तार

अण्णा, टेप लागला!

तुम्ही शेवटपर्यंत त्याला टेपच म्हणालात, म्हणून मीही टेपच म्हणते. नऊ इंचांचा काचेचा पडदा, आत अँड्रॉइड, नकाशा, फोन, मागचा कॅमेरा. कॅसेट सोडाच, सीडी घालायलाही फट नाही. तरी टेपच. काल दुपारी मास्तरीणबाईंच्या जपानी गाडीत तो लागला. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की आवाज वाढतो, रिव्हर्स टाकला की मागची अख्खी गल्ली दिसते, आणि सोलापूरचं एफएम इतकं स्वच्छ येतं की बातम्या सांगणाऱ्या बाईंचा श्वास ऐकू यावा. चावी बंद करून मी वळलेसुद्धा, "अण्णा, बघा की," म्हणून. मागे तुमचं स्टूल होतं फक्त. तुम्हाला जाऊन आज पाचवा दिवस.

भवानी पेठेतले लोक दुकानात येतात, हळहळतात, तुमच्या फोटोकडे बघून हात जोडतात. मीही रडले, पुष्कळ रडले. पण कालपासून रडू येत नाही. कालपासून मला नुसतं सांगावंसं वाटतंय. शाळेत पहिला नंबर आल्यावर वैरागच्या बाजारातून मी घरापर्यंत पळत गेले होते, तसंच झालंय. फरक एवढाच की पळत जायचं कुठं, ते कळत नाही. म्हणून लिहिते.

ती गाडी आली तो दिवस आठवतो? मास्तरीणबाई अक्कलकोटहून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापुरात येतात. मुलगा सतीश जपानात नोकरीला होता, परत येताना गाडी घेऊन आला. आता त्याला दुसऱ्या देशात रुजू व्हायचं होतं आणि गाडी आईसाठी, ड्रायव्हरच्या हाती ठेवून जायची होती. गाडी दुकानासमोर थांबली. बाई मागच्या सीटवरूनच बोलायला लागल्या.

"चावी लावली की ह्यात एक बाई काहीतरी सांगती बघा. रोज सांगती. इतकं गोड सांगती, की मला वाईट वाटतंय, उत्तर देता येत न्हाई म्हणून."

तुम्ही खिडकीत वाकून ऐकलंत आणि म्हणालात, "काय सांगत असंल? कसलंतरी कार्ड घाला म्हणत असंल. आजकाल सगळी मशिनं तेवढंच मागत्यात."

सतीश हसून हसून बेजार झाला. "अण्णा, अगदी तेच! टोलचं कार्ड घातलेलं नाही म्हणते ती."

तेव्हापासून मास्तरीणबाईंनी तुम्हाला जपानी येतं असं धरलं, आणि तुम्हीही ते नाकारलं नाहीत.

पण बाईंना हवा होता रेडिओ. डायलिसिसहून परतताना झोप येत नाही, वाचवत नाही. घरी त्या दिवसभर सोलापूर केंद्र लावतात, तेच गाडीत हवं. आणि त्या गाडीत ते येणं शक्य नव्हतं. तिकडच्या रेडिओचे आकडे नव्वदच्या आसपास संपतात, आपली सोलापूरची स्टेशनं सगळी त्याच्या पुढं. हे मी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "म्हंजे त्यांची वेस संपती, तितनं आपलं गाव सुरू हुतंय. दुरुस्ती न्हाय, बदलीच करावी लागंल." मग बाईंकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी बोललात आणि त्या लहान मुलीसारख्या खुश झाल्या. काय बोललात, ते मी विचारलं नाही. तुमचं कन्नडमधलं बोलणं मी कधीच विचारलं नाही. ते तुमच्या खिशातलं वाटायचं.

आता थोडं मागे जाते.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रोजेक्टसाठी एक जुना रिले मागायला तुमच्या दुकानात आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे दुकानदाराशी कसं बोलायचं, हेसुद्धा मी पाठ करून आले होते. तुम्ही रिले काढलात आणि एक इंग्रजी पुस्तिका पुढे केलीत. "हे वाचून सांग. मग रिले तुझा." मी वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि उठून दारातल्या गाडीत हात घालून पाच मिनिटांत काम संपवलंत. वाचलं मी होतं, पण मला त्यातलं काहीच समजलं नव्हतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि समजलं तुम्हाला.

निकालानंतर मी पुन्हा आले. नोकरी नव्हती. "वाचायला माणूस हवाय का?" एवढंच विचारलं. मुलीनं गॅरेजात काय काम करायचं, असं पहिल्या वर्षी किती जणांनी विचारलं! तुम्ही प्रत्येकाला एकच सांगायचात, "आमच्या इंजिनेर बाई हायत." मी म्हणायचे, "अण्णा, मी इंजिनिअर नाही, बी.एस्सी. आहे."

"वाचाय येतंय की?"

"येतं."

"पान्हा धराय येतंय की?"

"येतो आता."

"मग हाईसच की इंजिनेर. उगं वाद घालू नको."

वाद मात्र आपण चार वर्षं घातला. दिवा की मीटर?

तुमचा दिवा म्हणजे तो टेस्ट लॅम्प. लाकडी मुठीत बसवलेला जुना बल्ब, पुढे दाभणासारखं टोक, मागे चिमटा. टोक तारेच्या रबरात टोचायचं, बल्ब पेटला की वीज आहे. टोचलेल्या जागी काळ्या टेपचा तुकडा लावायचा आणि वर पांढऱ्या सुताच्या गाठी. समोरच्या नरसय्या सूतवाल्यांकडून वाया गेलेल्या सुताचं भेंडोळं यायचं. एक गाठ म्हणजे कायमची वीज. दोन म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी. तीन हेडलाइटची. चार स्पीकरची. अर्थिंगला गाठ नाही.

"तारेला रंग असताना गाठी कशाला?" असं मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "रंग खोटं बोलतंय." मला पटलं नाही. मी छापील तक्त्यातले रंग बघून एका गाडीत लालला लाल जोडली आणि फ्यूज उडवला. नव्या सेटची लाल चावीची असते, त्या गाडीची लाल दुसऱ्याच कशाची तरी होती. तुम्ही ओरडला नाहीत. "रंगाला विचारलंस. दिव्याला न्हाय विचारलंस," एवढंच म्हणालात.

मग एकदा चहा पिताना तुम्ही तुमच्या तरुणपणची गोष्ट सांगितलीत. चादरीच्या मागावर होता तेव्हा हिरव्याच्या जागी लाल सुताची कांडी घातलीत आणि चादरीवर अख्खा मोर लाल निघाला. मालक अंगावर धावून आला, तर तुम्ही म्हणालात, "मालक, मोर लाजलाय." त्याच दिवशी माग सुटला. सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

अण्णा, तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तार हातात देताना मी रंग मोठ्यानं बोलायला लागले. "ही हिरवी घ्या. ही लाल, पांढऱ्या पट्ट्याची." तुम्ही एकदाही "दिसतंय मला" म्हणाला नाहीत. मीही एकदाही विचारलं नाही. चार वर्षं मी रंग बोलत राहिले आणि तुम्ही ऐकत राहिलात. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं का? हा एक प्रश्न माझ्याकडे राहून गेला.

तर दिवा की मीटर. मी म्हणायचे, मीटर लावा, अचूक आकडा येतो. तुम्ही म्हणायचात, "मीटर आकडा सांगतंय, दिवा जोर सांगतंय." मी म्हणायचे, जुन्या गाड्यांत ठीक आहे, पण नव्या गाड्यांत काही तारा नुसते निरोप नेतात. त्यांत जोर नसतोच. त्यांच्यावर दिवा लावला तर दिवा वीज ओढणार आणि गाडीचा कॉम्प्युटर बसणार.

"बसू दे की. उठवू."

"तो उठत नाही अण्णा! नवा मागवायला लागतो, आणि तो जपानातून येतो!"

"लई शिकलीस."

गेल्या शनिवारी त्या जपानी गाडीचा डॅशबोर्ड उघडा असताना हेच सुरू झालं. स्टिअरिंगच्या बटणांच्या दोन तारा कुठे आहेत, ते शोधायचं होतं. तुम्ही दिवा हातात घेतला. मी तुमचा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा. सतीश समोर उभा होता. तुमचा चेहरा बदलला.

"तुजा मीटर घे आणि जा वैरागला."

मी खरंच मीटर पिशवीत घातला आणि निघाले. रोज निघताना "येते अण्णा" म्हणायचे, ते म्हटलं नाही. रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळी, दुकानाकडे निघायला चपला घालता घालता तुम्ही उंबऱ्यातच बसलात आणि उठला नाहीत. एवढंच. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सतीश दुकानात आला. बिचारा अवघडलेला होता. "अण्णांच्या भरवशावर ठेवली होती गाडी. आता आहे तशी द्या, टो करून पुण्याला नेतो." गाडीचं अर्धं पोट उघडं होतं. ती तशी दुकानातून गेली असती तर अण्णांचं शेवटचं काम अर्धवट राहिलं, असंच गल्लीनं म्हटलं असतं. आणि अर्धवट का राहिलं, ते मला पक्कं माहीत असतं.

मागून मास्तरीणबाई काठी टेकत आल्या. "सतीश, तिलाच करू दे की."

"आई, अगं, ही एकटी..."

"चाळीस वर्षं मी पोरं तपासली. कुणाला येतंय आणि कुणाला येत न्हाई, मला कळतं. दोन दिवस दे तिला."

दोन दिवस, अण्णा! मी डॅशबोर्डसमोर बसले आणि बघते तो काय, सगळ्या तारांना गाठी मारलेल्या. शनिवारी मी गेले तेव्हा तीन-चार तारांनाच होत्या. नंतर तुमच्या घरी काकूंनी सांगितलं, "रविवारी दुकान बंद असताना गेलेवते. दोन तास. मी म्हणलं कशाला, तर म्हणले, गाठी मारून ठिवतो, पोरगी सोमवारी येईल."

सोमवारी येईल, असं तुम्ही धरून चालला होता.

मग काय विचारता! तुमच्या गाठी मोजत मी भराभर जोडत गेले. पडद्याची पिवळी एका गाठीला, लाल दोन गाठींना. त्या गाडीत दोन गाठींची तार राखाडी निघाली. तक्ता बघत बसले असते तर पुन्हा फ्यूज उडवला असता. स्पीकर चार-चार. त्या गाडीचा खण आपल्या सेटपेक्षा रुंद होता, दोन्ही बाजूंना बोटभर फट राहात होती. फायबरच्या दोन पट्ट्या घासून बसवल्या. एक किंचित वाकडी आहे. तुम्ही असता तर तेवढीच बघितली असती. संध्याकाळी चावी फिरवली आणि पडदा उजळला, मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

आणि आवाज वाढवला, तसा पडदा विझला. पुन्हा चालू, पुन्हा आवाज, पुन्हा विझला. मीटर लावला. बारा पूर्णांक चार. सगळीकडे बारा पूर्णांक चार व्होल्ट, म्हणजे भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. नरसय्या समोरून ओरडले, "काय बाई, पेटतंय, विझतंय! दिवाळीची माळ लावलीस काय?"

मी खूप वेळ तुमच्या दिव्याकडे बघत होते. रविवारी जिथे ठेवला होतात तिथेच, स्टुलाखाली. शेवटी उचलला. चिमटा कायमच्या विजेला लावला आणि टोक मी जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर टेकवलं.

बल्ब मिणमिणला. नुसता तांबडा. ओढ लागली की तिथला जोर संपत होता. जवळचा म्हणून मी जो बोल्ट निवडला होता, तो रंगावर बसला होता, पत्र्यावर नव्हे. मीटरला ते कळलं नाही, कारण टेप बंद असताना मी मोजत होते, आणि मीटर स्वतः काही ओढत नाही. दिवा ओढतो. दुसरी जागा शोधली, रंग खरवडला, पत्रा चमकला, तार आवळली. टोक टेकवलं तर बल्ब लख्ख! आवाज पूर्ण वाढवला. पडदा ढिम्म हलला नाही. मी नाचले, अण्णा. खरंच नाचले, पान्हा हातात घेऊन. "जोर! जोर सांगतो दिवा!" नरसय्या दुकानातून बाहेर येऊन बघायला लागले.

तुम्ही जिंकलात. पण तुम्हाला हे कसं सांगणार, याचं वाईट वाटायलाही वेळ नव्हता, कारण त्या दोन तारा राहिल्या होत्या.

स्टिअरिंगखाली, आत खोल. बारीक, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. निरोपाच्या. आणि त्यांच्यावर पाच गाठी.

पाच गाठी मी कधी बघितल्या नव्हत्या. पाचाचा अर्थ तुम्ही मला सांगितला नव्हता. आणि गाठ मारायची ती टोचून झाल्यावर, हा तुमचा चार वर्षांचा नेम. म्हणजे रविवारी, मी नसताना, तुम्ही तिथे दिवा लावला होता? मला खोटं पाडायला? आणि कॉम्प्युटर बसला असला तर? तुमच्या जाण्याआधीची शेवटची गोष्ट अशी निघाली असती, की मी बरोबर आणि तुम्ही चूक. ते मला नको होतं. देवाशप्पथ, अण्णा, त्या क्षणी मला मीच चूक असायला हवं होतं.

फोनचा उजेड लावला, भिंग घेतलं आणि तारा बोटांवर फिरवून बघितल्या. एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं. पिळाच्या आत. बाकी प्रत्येक तारेवर टोचल्याची खूण होती, टेपचा तुकडा होता. ह्या दोन तारांवर टेप नव्हता. खूण नव्हती. रबर अखंड, कारखान्यातून आलं तसं.

तुम्ही टोचलंच नव्हतं.

तुम्ही ह्या तारा ओळखल्या. नुसत्या हातानं, पिळावरून. त्यांना गाठी मारल्या, चारच्या पुढच्या, नव्या, म्हणजे दिवा इथे चालत नाही. दिवा बाजूला ठेवलात आणि घरी गेलात. पोरगी सोमवारी मीटर घेऊन येईल म्हणून.

मी मीटर काढला. दोन टोकं हलकेच टेकवली. आकडा आला, मला हवा होता तोच. सेटबरोबर आलेली बटणांची पेटी जोडली, बटण दाबलं, आवाज वाढला. तेव्हा नाचले नाही. तुमच्या स्टुलावर बसून राहिले थोडा वेळ.

शनिवारी "येते" म्हणायचं राहिलं, ते टोचत होतं. आता कमी टोचतं. तुम्ही आयुष्यात कधी कुणाला "तुजं बरोबर हाय" असं म्हणाला नसाल. मला म्हणालात. सुतानं का होईना.

डॅशबोर्ड बंद करताना सतीश म्हणाला, "ती सुतं काढून टाकायची ना? बरं दिसत नाही."

"आतच राहणार आहेत. कुणाला दिसणार?"

"पण उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर?"

"तर त्याला कळेल, हे कुणाचं काम आहे."

आणि मी आणखी एक केलं. नरसय्यांकडून पांढरं सूत घेतलं आणि त्या नव्या अर्थिंगच्या तारेला सहा गाठी मारल्या. अर्थिंगला गाठ नाही, हा तुमचा नियम मला ठाऊक आहे. पण सहा गाठी म्हणजे दिव्यानं सापडलेली. पाचांची तार माझी, सहांची तुमची. तुम्ही उत्तर द्यायला नाहीत, तेवढी संधी मी घेतली.

मास्तरीणबाई मागच्या सीटवर बसल्या. चावी फिरवली. जपानी बाई बोलली नाही, सोलापूर केंद्र बोललं, बाजारभाव. बाई डोळे मिटून कांद्याचे भाव ऐकत बसल्या, जणू गाणंच लागलं होतं. मग डोळे उघडून म्हणाल्या, "त्यांनी मला कन्नडमध्ये काय सांगितलंवतं, माहीत हाय? म्हणाले, टेप आमची इंजिनेर लावणार, मी नुसता दिवा धरणार."

काम संपलं की तुम्ही एकदा हॉर्न वाजवायचात, गल्लीला कळावं म्हणून, आणि मग स्वतःशीच म्हणायचात, "आयतु." झालं. मी वाकून हॉर्न दाबला. एकदाच, लांब. समोरून नरसय्या, बाजूचा चहावाला, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळे बाहेर आले.

"आयतु का?" नरसय्या ओरडले.

"आयतु!" मी म्हणाले. दुकानातून ते पहिल्यांदाच माझ्या आवाजात गेलं.

येते, अण्णा.